गंधकाच्या दहा अणूंचा शोध : प्रकल्प नोंदी

१८ नोव्हेंबर २०२४

यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी असलेल्या आमच्या महाविद्यालयाच्या पदार्थविज्ञान विभागात आजपासून ही वही सुरू करीत आहे. कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्या बलकातील लायसोझाइम या प्रथिनाच्या स्फटिकांवर क्ष-किरण टाकून मिळणाऱ्या विवर्तनाच्या मोजमापांवरून, आणि केवळ त्यांवरूनच, त्या प्रथिनातील गंधकाचे अणू कोठे आहेत हे शोधून काढणे एवढेच या प्रकल्पाचे काम आहे. लायसोझाइमची रचना १९६५ मध्येच उलगडली गेली आहे आणि आज ती कोणालाही संगणकावर उतरवून घेता येते. त्यामुळे उत्तर माहीत असलेले गणित सोडवण्यात काय अर्थ, असे विभागातील एका सहकाऱ्यांनी विचारले. अर्थ असा की, उत्तर माहीत असलेल्या गणितातच आपली चूक नेमकी कोठे झाली ते कळते. रचनेची फाइल मी पाहायची नाही असे ठरले आहे. एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याने ती उतरवून, पासवर्ड लावून स्वतःजवळ ठेवली आहे.

मूळ अडचण थोडक्यात लिहून ठेवतो. शोधकावर, म्हणजे किरण टिपणाऱ्या उपकरणावर, प्रत्येक ठिपक्याची तीव्रता नोंदवली जाते, त्यामागच्या तरंगाची कला (त्याचा चढ-उतार नेमका कोठे आहे ते) मात्र हरवते, आणि कलेवाचून इलेक्ट्रॉन घनतेचा नकाशा काढता येत नाही. साधारणपणे स्फटिकाच्या एका परावर्तनाची, म्हणजे एका ठिपक्याची, आणि त्याच्या नेमक्या उलट दिशेच्या परावर्तनाची तीव्रता सारखीच असते. यालाच फ्रीडेलचा नियम म्हणतात. परंतु काही अणू आपल्यावर पडलेल्या किरणांचा अंश शोषून घेतात आणि त्यांच्याकडून होणाऱ्या प्रकीर्णनाची कला किंचित सरकते. अशा अणूंमुळे त्या जोडीतील दोन तीव्रतांमध्ये बारीकसा फरक पडतो. हा फरक जेथून येतो ते अणू म्हणजे विसंगत प्रकीर्णक. त्यांच्या जागा कळल्या की बाकीच्या हजारभर अणूंच्या कलांपर्यंत जाण्याची वाट मोकळी होते. या फरकाचा उपयोग कला ठरवण्यासाठी करता येईल हे जी. एन. रामचंद्रन आणि एस. रामन यांनी मद्रासहून १९५६ मध्येच दाखवून दिले होते. प्रथिनातील निव्वळ गंधकाच्या आधारे संपूर्ण रचना सोडवण्याचे काम हेंड्रिक्सन आणि टीटर यांनी क्रॅम्बिन या ४६ अवशेषांच्या (साखळीतील अमिनो आम्लांच्या) लहान प्रथिनावर १९८१ मध्ये करून दाखवले.

आता आमच्या प्रथिनाचा हिशेब. लायसोझाइममध्ये १२९ अवशेष आहेत, हायड्रोजन सोडून सुमारे एक हजार अणू आहेत आणि गंधकाचे अणू दहा आहेत : आठ सिस्टीनचे, जे दोन-दोन मिळून चार डायसल्फाइड बंध करतात, आणि दोन मेथिओनिनचे. तांब्याच्या नळीतून येणाऱ्या १.५४ अँगस्ट्रॉम तरंगलांबीच्या किरणांना गंधकाचा विसंगत भाग, म्हणजे एफ-डबलप्राइम, केवळ ०.५६ इलेक्ट्रॉन एवढा आहे. हेंड्रिक्सन यांच्या सूत्रात हे आकडे घातले की तरंगांच्या आयामांतील (उंचीतील) अपेक्षित फरक सरासरी १.२ टक्के निघतो. मिठाच्या द्रावणातून स्फटिकात शिरणारे क्लोराइड आयन मदतीला आहेत. त्यांचा एफ-डबलप्राइम ०.७० आहे आणि असे सहा-सात आयन जागेवर बसले असतील तर फरक १.७ टक्क्यांपर्यंत जाईल. विद्यार्थ्यांना सांगताना मी कापसाचे उदाहरण दिले. दहा क्विंटल कापसाची बंडी दोनदा धर्मकाट्यावर चढवायची आणि दोन वजनांतील बारा-पंधरा किलोंच्या फरकावरून बंडीत कोणत्या कोपऱ्यात काय ठेवले आहे ते सांगायचे. काटाच वीस किलो इकडेतिकडे दाखवत असेल, तर एकदा तोलून काहीच कळणार नाही. पुष्कळ वेळा तोलावे लागेल.

२३ नोव्हेंबर

स्फटिक तयार झाले. लायसोझाइम ५० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, सोडियम ॲसिटेटचा बफर पीएच ४.६ आणि साठ्याच्या द्रावणात ४ ते ८ टक्के मीठ अशा चढत्या क्रमाने लटकत्या थेंबांचा ट्रे लावला होता. सहा टक्क्यांच्या रांगेत तिसऱ्या दिवशी ठसठशीत, कडा धारदार असलेले स्फटिक दिसले. मोठ्यात मोठा सुमारे ०.४ मिलिमीटर आहे. हा प्रयोग आमच्याकडे उन्हाळ्यात होणे नाही. मे महिन्यात खोलीतले तापमान चाळिशीच्या आसपास असते आणि कूलर लावला तरी दिवसरात्रीच्या चढउतारात थेंब टिकत नाहीत. नोव्हेंबरात मात्र खोली दिवसभर २० ते २२ अंशांवर राहते आणि वेगळ्या यंत्रणेची गरज पडत नाही.

३० नोव्हेंबर

मार्गदर्शक मॅडमांच्या प्रयोगशाळेत दोन दिवस राहून मोजमापे घेतली. ट्रे थर्मोकोलच्या पेटीत, मांडीवर ठेवून एसटीने नेला. रस्त्यातील खड्ड्यांमुळे काही थेंब पसरले, तरी सहा टक्क्यांच्या रांगेतील बहुतेक शाबूत राहिले.

पहिला स्फटिक (यापुढे ‘अ’) लहान होता. त्याच्या १ अंशाच्या १८० चित्रफ्रेम घेतल्या. दुसरा (‘ब’) मोठा आणि चांगला होता. त्याच्या ५४० फ्रेम घेतल्या, म्हणजे दीड फेरा. दोन्ही स्फटिक २५ टक्के ग्लिसरॉलमधून बुडवून काढून १०० केल्व्हिनच्या नायट्रोजन झोतात गोठवले होते. विभेदन, म्हणजे वेगळा दिसू शकणारा सर्वांत बारीक तपशील, दोन्हीकडे १.९ अँगस्ट्रॉमपर्यंत मिळाले. ‘ब’ बसवल्यावर स्फटिक धरणाऱ्या लूपच्या (बारीक फासाच्या) कडेला बर्फ धरू लागल्यासारखे वाटले, म्हणून झोताची नळी थोडी जवळ घेतली. (हे वाक्य मी त्या दिवशी लिहिले नव्हते. ते १९ डिसेंबरला भरले आहे. का, ते तेथेच येईल.)

सगळी चित्रे हार्ड डिस्कवर घेऊन आज परतलो.

३ डिसेंबर

चित्रांवरून तीव्रता काढणाऱ्या एक्सडीएस या प्रोग्रामने दोन्ही संचांची प्रक्रिया केली. कोशिका (स्फटिकात पुन्हापुन्हा येणारी पेटी) ए आणि बी ७८.६, सी ३७.० अँगस्ट्रॉम, चौकोनी. अनुपस्थित परावर्तनांवरून पॉइंटलेस या प्रोग्रामने अवकाशगट, म्हणजे स्फटिकाच्या सममितीचा प्रकार, पी-फोर-वन-टू-वन-टू किंवा पी-फोर-थ्री-टू-वन-टू असा दिला. हे दोन गट एकमेकांचे आरशातील प्रतिबिंब असल्यामुळे तीव्रतांवरून त्यांत निवड करता येत नाही. ती पुढे करावी लागेल.

पहिल्या खेपेला फरकाचा मागमूसही नव्हता. कारण साधे निघाले. आदान-फाइल जुन्या कामातून उचलली होती आणि तीत फ्रीडेलचा नियम ‘खरा’ असे लिहिलेले होते. म्हणजे ज्या दोन तीव्रतांमधील फरक शोधायचा, त्यांची सरासरी प्रोग्रामने आधीच काढून टाकली होती. ‘खोटा’ असे करून, शोषणाची दुरुस्तीही फ्रीडेल-जोड्या वेगळ्या धरून करण्यास सांगून, पुन्हा चालवले.

६ डिसेंबर

शेलएक्स-सी या प्रोग्रामने विभेदनाच्या प्रत्येक कवचासाठी (आतली कवचे ढोबळ तपशिलाची, बाहेरची बारीक तपशिलाची) विसंगत फरक भागिले त्याची अनिश्चितता असे गुणोत्तर दिले. निव्वळ गोंगाट असेल तर हे गुणोत्तर सुमारे ०.८ येते, ही कसोटी. ‘ब’साठी आतल्या कवचात २.९, मधल्यात २.० आणि १.९ अँगस्ट्रॉमजवळच्या सर्वांत बाहेरच्या कवचातसुद्धा १.३ आले. हे पाहून मला आनंद झाला हे लपवत नाही. बाहेरच्या कवचापर्यंत संकेत पोहोचला आहे, असे मी फळ्यावर लिहूनही टाकले.

मग शेलएक्स-डी. हा प्रोग्राम पॅटरसन फलनातील (अणू-अणूंमधील अंतरे व दिशा दाखवणाऱ्या, कलेवाचून निघणाऱ्या नकाशातील) ठळक सदिशांवरून सुरुवातीच्या जागा सुचवतो आणि मग खऱ्या अवकाशात (अणूंच्या नकाशात) शिखरे वेचणे व व्यस्त अवकाशात (परावर्तनांत) कला सुधारणे या दोन पायऱ्यांमध्ये ये-जा करीत त्या जागा सुधारतो. दहा अणू नुसत्या पॅटरसनवरून हाताने काढणे कठीण, कारण दहा अणूंचे एकमेकांतील सदिशच ९० होतात आणि वर कोशिकेतील आठ सममिती-प्रतींचा पसारा; म्हणूनच हा ये-जा करणारा मार्ग. प्रत्येक प्रयत्नाच्या शेवटी मोजलेल्या व काढलेल्या फरकांमधील सहसंबंध टक्क्यांत मिळतो : एक सर्व परावर्तनांवर, दुसरा शोधात न वापरलेल्या दुर्बल परावर्तनांवर. उत्तर सापडले असेल तर काही प्रयत्न बाकीच्या गर्दीतून वेगळे उठून दिसतात.

दहा अणू, २.० अँगस्ट्रॉमपर्यंतची मोजमापे, एक हजार प्रयत्न. सर्वोत्तम सहसंबंध २७, दुर्बलांवर ९. वेगळा गट नाही. सगळा आलेख एकच ढीग.

८ ते ११ डिसेंबर

या चार दिवसांत जे केले ते आता वाचताना थोडे लाजिरवाणे वाटते, पण नोंद असावी. प्रोग्रामला जेवढ्या कळा आहेत तेवढ्या सगळ्या दाबून पाहिल्या. अणूंची संख्या ६, ८, १०, १२, १७ केली. प्रयत्न पाच हजार केले. विभेदनाची मर्यादा २.२, २.४, २.६, २.८, ३.०, ३.२ अशी बदलली.

विभेदनाच्या मर्यादेबद्दल मात्र एक गोष्ट या निमित्ताने नीट समजली. डायसल्फाइड बंधातील दोन गंधकांमधील अंतर २ अँगस्ट्रॉमहून किंचितच जास्त असते. मोजमापे २.४ अँगस्ट्रॉमला तोडली की ते दोन अणू वेगळे दिसूच शकत नाहीत. त्यांचा मिळून एक लांबट, जड गोळा होतो. म्हणून अशा वेळी दहा अणू शोधण्याऐवजी चार जोडगोळे आणि दोन सुटे असे सहाच शोधावे, आणि क्लोराइडसाठी काही जागा जास्तीच्या धराव्या. मर्यादा ढोबळ (३.० कडे) ठेवल्यास संकेत घट्ट राहतो पण गंधक वेगळे दिसत नाहीत. बारीक (२.० कडे) नेल्यास वेगळे दिसू शकतील पण संकेत विरळ होतो. हे तारतम्य बरोबर समजले असूनही एकही प्रयत्न उठून दिसला नाही. ‘बाहेरच्या कवचापर्यंत संकेत आहे’ हे फळ्यावरचे वाक्य खरे असते, तर ३.० अँगस्ट्रॉमला तरी चार जोडगोळे हाती लागायला हवे होते.

१२ डिसेंबर

विद्यार्थी आठवडाभर शेतावर आहे. घरी कापसाची वेचणी सुरू आहे आणि मजूर मिळत नाहीत. आमच्या फिडरवर दुपारभर वीज नव्हती. काम झाले नाही.

१६ डिसेंबर

मॅडमांशी फोनवर बोललो. त्यांनी एकच प्रश्न विचारला : “दोन स्फटिकांचे विसंगत फरक एकमेकांशी जुळतात का, ते पाहिलेत का तुम्ही?” मी पाहिले नव्हते. ‘अ’ दुबळा म्हणून मी तो बाजूलाच ठेवला होता.

आज पाहिले. ‘अ’ आणि ‘ब’ यांच्या विसंगत फरकांमधील सहसंबंध सर्वांत आतल्या कवचात १२ टक्के, पुढे शून्याच्या आसपास. हा सहसंबंध ज्या विभेदनाला ३० टक्क्यांखाली जातो तेथपर्यंतच मोजमापे शोधासाठी वापरावी, असा या कामातला रूढ प्रघात आहे. आमच्याकडे तो पहिल्या कवचापासूनच ३० च्या खाली होता. एकीकडे गुणोत्तर सांगते की संकेत भरपूर आहे, दुसरीकडे दोन स्वतंत्र स्फटिक एकमेकांना दुजोरा देत नाहीत.

‘ब’चे स्वतःचेच तुकडे करून पाहिले. पहिल्या १८० फ्रेम आणि शेवटच्या १८० फ्रेम यांच्यातील सहसंबंध आतल्या कवचात तब्बल ७० टक्के. मला हायसे वाटले. निदान ‘ब’ तरी स्वतःशी सुसंगत आहे. संध्याकाळी विद्यार्थी आला. त्याला हे दाखवले तेव्हा तो जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “सर, एकाच काट्यावर दोनदा तोललं अन् वजन सारखं आलं, म्हणून काटा खरा हाय असं थोडीच व्हते?”

त्याचे म्हणणे अगदी नेमके होते. दीड फेऱ्यात पहिल्या १८० आणि शेवटच्या १८० फ्रेम म्हणजे स्फटिकाच्या त्याच त्या स्थिती, ३६० अंश फिरून पुन्हा आलेल्या. त्याच परावर्तनांची तीच भूमिती, शोधकावर त्याच जागा. तेथे जी चूक होत असेल ती दोन्ही वेळा सारखीच होणार आणि सहसंबंध उंच दिसणार. रात्रीच मधल्या १८० फ्रेम घेऊन पहिल्या १८० शी ताडून पाहिल्या. येथे परावर्तने शोधकाच्या वेगळ्या भागांवर पडतात. सहसंबंध १५ टक्के.

पुष्कळ वेळा तोलल्याने यादृच्छिक चूक वर्गमुळाच्या हिशेबाने कमी होत जाते, हे मी १८ नोव्हेंबरला विद्यार्थ्यांना शिकवले होते. काटा एका बाजूला कललेला असेल तर हजार वेळा तोलूनही तो कल निघत नाही, उलट दरवेळी तेच चुकीचे वजन येत असल्यामुळे विश्वास मात्र वाढतो, हा भाग शिकवायचा राहिला होता. बाहेरच्या कवचातील १.३ हा आकडा काट्याच्या अशाच कलण्याचा असावा. खरा संकेत विभेदनाबरोबर ओसरत जाऊन ०.८ कडे यायला हवा होता. तो ओसरला नाही याचाच संशय मला ६ तारखेला यायला पाहिजे होता.

१९ डिसेंबर

‘ब’च्या ५४० फ्रेम मी आणि विद्यार्थ्याने डोळ्यांनी पाहिल्या, एकेक करून. आकड्यांच्या तक्त्यांवर विसंबून मी हे आजवर केले नव्हते. पाचव्या-सहाव्या फ्रेमलाच विद्यार्थ्याने वरच्या डाव्या कोपऱ्याकडे बोट केले. पार्श्वभूमीचा करडा रंग तेथे पाचरीच्या आकारात गडद झालेला होता, म्हणजे तेथे किरण पोहोचलेच नव्हते. ही पाचर सर्व ५४० फ्रेममध्ये त्याच जागी होती. ‘अ’च्या फ्रेममध्ये ती नाही.

सावली नायट्रोजन झोताच्या नळीची. बर्फ धरते म्हणून ‘ब’च्या वेळी नळी मीच जवळ सरकवली, शोधकही जवळ असल्यामुळे तिचे टोक विवर्तित किरणांच्या वाटेत आले, आणि हे सरकवणे मी वहीत लिहिले नाही. आज ते मागे जाऊन लिहिले.

अशा सावलीचा परिणाम इतका घातक का, ते विद्यार्थ्यासाठी मांडून दाखवले. सावलीत पडलेला ठिपका प्रोग्रामला ‘नाही’ असा दिसत नाही. तो ‘मोजला, आणि शून्य आला’ असा दिसतो, तोही थोड्या अनिश्चिततेसह, कारण तेथे पार्श्वभूमीही कमी आहे. सावलीच्या कडेवर किरण अर्धवट अडतात, म्हणून तेथे तीव्रता शून्य न होता दहा-वीस टक्क्यांनी घटते. शून्याची मोजमापे इतरांशी न जुळणारी म्हणून बरीचशी फेकली जातात, पण कडेवरची दहा-वीस टक्क्यांची घट पचून जाते. आम्ही ज्या फरकाच्या मागे आहोत तो तीव्रतेत दोन-तीन टक्क्यांचा. फ्रीडेल-जोडीतील एक परावर्तन सावलीच्या कडेला पडले आणि दुसरे उघड्यावर, की गंधक नसतानाही दणदणीत ‘विसंगत फरक’ तयार.

२१ डिसेंबर

पाचरीभोवती, कडेसह, थोडी ऐसपैस बहुभुजाकृती आखून तो भाग अविश्वसनीय म्हणून एक्सडीएसला कळवला आणि ‘ब’ची प्रक्रिया पहिल्यापासून केली. एकही फ्रेम टाकली नाही. या अवकाशगटात सममिती भरपूर असल्यामुळे सावलीत गेलेल्या परावर्तनांच्या प्रती इतरत्र सापडतात आणि संपूर्णतेत नाव घेण्यासारखी घट झाली नाही.

नवे आकडे : गुणोत्तर आतल्या कवचात २.२, तेथून उतरत २.१ अँगस्ट्रॉमला ०.९ आणि बाहेर ०.८. पहिल्यापेक्षा सगळीकडे कमी. ‘अ’शी सहसंबंध आतल्या कवचात ४६ टक्के, आणि ३० टक्क्यांची रेषा २.५ अँगस्ट्रॉमला ओलांडली. पहिल्या व मधल्या १८० फ्रेममधील सहसंबंधही ५० च्या वर गेला. फळ्यावरचे जुने वाक्य पुसले.

२२ डिसेंबर

‘अ’ आणि ‘ब’ एकत्र करून शेलएक्स-डी, मर्यादा २.५ अँगस्ट्रॉम, बारा जागा, पाचशे प्रयत्न. आमच्या जुन्या संगणकावर चहा होऊन परत येईपर्यंत संपले. पाचशेपैकी ३१ प्रयत्न गर्दीतून बाहेर, सहसंबंध ४१ आणि दुर्बलांवर २२ च्या आसपास. उरलेले सर्व २८ च्या खाली. मध्ये मोकळी जागा. ३१ पैकी काही यादृच्छिकपणे घेऊन ताडून पाहिले. मूळबिंदू आणि हात (मांडणी मूळची की तिचे उलटे प्रतिबिंब) यांचा फरक सोडला तर तीच मांडणी.

जागांची यादी भोगप्रमाणासह (ती जागा किती भरलेली दिसते त्या आकड्यासह), पहिल्या शिखराला १ धरून : १.००, ०.९४, ०.९१, ०.८३, मग एकदम खाली ०.५८, ०.५५, ०.५२, ०.४९, ०.४४, ०.४१, ०.३६, आणि बारावी ०.१९. पहिली उडी चौथ्यानंतर आहे. चार डायसल्फाइड, चार जोडगोळे. हे मी यादी छापून तिच्यावर पेन्सिलीने लिहिले आणि कागद विद्यार्थ्याच्या स्वाधीन केला, म्हणजे नंतर मला ते बदलता येऊ नये. पाचव्यापासून अकराव्यापर्यंत दोन मेथिओनिन आणि पाच क्लोराइड असावेत असा अंदाज लिहिला. बारावी जागा सोडून दिली.

२७ डिसेंबर

हात ठरवणे. एकाच विसंगत फरकांच्या संचातून जागांची मांडणी आणि तिचे उलटे प्रतिबिंब दोन्ही सारख्याच चांगल्या बसतात. फरक पडतो तो पुढे, संपूर्ण प्रथिनाचा नकाशा काढताना. आणि येथे अनेकांचा, माझाही, एक गैरसमज होता : चुकीचा हात घेतला तर प्रथिनाची आरशातील प्रतिमा दिसेल, आणि मळसूत्रे डावीकडे वळलेली पाहून आपण चूक ओळखू. विसंगत फरकांपासून काढलेल्या कलांच्या बाबतीत असे होत नाही. चुकीच्या हाताने येणाऱ्या कला प्रतिबिंबाच्याही नसतात. नकाशात नुसता गोंधळ उरतो.

जागांवरून कला काढून नकाशा सुधारणारा शेलएक्स-ई हा प्रोग्राम दोनदा चालवला : एकदा पी-फोर-वन-टू-वन-टू मध्ये, एकदा जागा उलटवून पी-फोर-थ्री-टू-वन-टू मध्ये. स्फटिकातील द्रवाचे प्रमाण कोशिकेच्या घनफळावरून ३८ टक्के येते. हे कमीच आहे, आणि घनता-सुधारणेचा सगळा जोर प्रथिन व द्रव यांतील भेदावर असल्यामुळे मला थोडी धास्ती होती. पहिल्या हाताने प्रोग्रामने पाठकणा म्हणून जे तुकडे जोडले त्यांचा सहसंबंध ११ टक्क्यांवर अडकला. उलट हाताने तिसऱ्या फेरीत १२९ पैकी ११४ अवशेष जोडले गेले आणि सहसंबंध ३७ टक्के. साधारण २५ टक्क्यांच्या वर गेले की रचना सुटली असे धरतात.

रात्री नकाशा कूट या नकाशा पाहण्याच्या प्रोग्राममध्ये उघडला. मळसूत्र उजवीकडे वळलेले होते.

४ जानेवारी २०२५

विद्यार्थ्याने पासवर्ड उघडला. पहिल्या दहा मिनिटांत आमची एकही जागा उत्तराशी जुळली नाही आणि खोलीत जरा शांतता पसरली. मग लक्षात आले की या अवकाशगटात मूळबिंदू चार ठिकाणी धरता येतो : मूळचा, सी-अक्षावर अर्धा सरकवलेला, ए आणि बी दोन्हींवर अर्धा सरकवलेला, आणि तिन्हींवर अर्धा. आमचा शेवटच्या प्रकारचा निघाला. तो हलवून सममिती-प्रतींशी ताडल्यावर पहिली चार शिखरे चारही डायसल्फाइडांच्या मध्यावर, अर्ध्या अँगस्ट्रॉमच्या आत, येऊन बसली : ६–१२७, ३०–११५, ६४–८०, ७६–९४. मेथिओनिन १०५ हे पाचवे शिखर आणि मेथिओनिन १२ हे आठवे. उरलेल्या पाचांपैकी चार उत्तरातील क्लोराइडांवर.

अकरावी जागा, भोगप्रमाण ०.३६, कोणत्याच अणूवर नाही. ती दुपदरी अक्षाला (ज्याभोवती अर्धा फेरा फिरवला तरी मांडणी तशीच राहते त्याला) जवळजवळ चिकटून आहे. सममिती-अक्षांवर चुका साचतात, कारण तेथे प्रती एकमेकींवर पडून गोंगाटाची बेरीज होते. परिष्कृत रचनेच्या कला वापरून विसंगत फरकांचा नकाशा काढला तेव्हा गंधक आणि ते चार क्लोराइड लख्ख दिसले आणि ही जागा कोरी राहिली. म्हणजे पेन्सिलीने लिहिलेल्या ‘पाच क्लोराइड’ या अंदाजात एक जास्तीचा होता. कागद वहीत चिकटवला आहे.

उत्तराच्या फाइलमध्ये एक सोडियम आयनही आहे. तो आमच्या यादीत नाही आणि असायचे कारणही नाही. या तरंगलांबीला त्याचा एफ-डबलप्राइम गंधकाच्या पावपटीहूनही कमी आहे.

९ जानेवारी

दोष खरोखर सावलीचाच होता की २१ तारखेला आणखी काही नकळत सुधारले गेले, ही शंका मनातून जात नव्हती. म्हणून उलट प्रयोग केला. बाकी सर्व काही तसेच ठेवून केवळ बहुभुजाकृती काढून टाकली : ५०० पैकी एकही प्रयत्न उठून दिसला नाही. मग तिचे क्षेत्र थोडे-थोडे वाढवत नेले. पाचरीचा केवळ काळा गाभा झाकून कडा मोकळ्या सोडल्या तेव्हा ५०० पैकी दोनच प्रयत्न वेगळे झाले. कडांसह झाकल्यावर पुन्हा तीसच्या आसपास. म्हणजे पूर्ण अंधारापेक्षा अर्धवट सावलीनेच जास्त नुकसान केले होते.

विद्यार्थ्याने आणखी एक पाहिले. ‘ब’च्या किती फ्रेम पुरेशा होत्या? सावली झाकून, ‘अ’ न घेता, ३६० फ्रेमवर ५०० पैकी नऊ प्रयत्न यशस्वी. १८० वर एकही नाही. दीड फेरा घेतल्याचे वाईट वाटायला नको, पण डिसेंबरातल्या पाच हजार प्रयत्नांचे वाटते.

१८ जानेवारी

पुढचा स्फटिक थॉमॅटिनचा घ्यायचे ठरले आहे : २०७ अवशेष, आठ डायसल्फाइड आणि एक मेथिओनिन मिळून १७ गंधक, स्फटिकीकरण टार्टरेटमध्ये असल्यामुळे क्लोराइडांचा आधार नाही. त्याच सूत्राने अपेक्षित फरक पुन्हा १.२ टक्केच येतो. अवकाशगट पी-फोर-वन-टू-वन-टू, म्हणजे या वेळी हात दुसऱ्या बाजूचा निघाला पाहिजे.

मोजमापाच्या वहीला एक नवीन स्तंभ जोडला आहे : नळीचे स्फटिकापासूनचे अंतर, मिलिमीटरमध्ये, प्रत्येक संचाच्या आधी आणि नंतर. पहिल्या फ्रेमचे चित्र छापून त्याच पानावर चिकटवायचे आणि त्यावर विद्यार्थ्याची सही घ्यायची. आज लावलेल्या ट्रेमध्ये दुपारपर्यंत सर्व थेंब स्वच्छ होते.